मुंबई बघण्याची दुसरी यादी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

कोल्हापूरचा माणूस मुंबईला निघाला की आपण त्याच्या हातात दोन गोष्टी ठेवतो. एक म्हणजे तिकडच्या पाहुण्यांसाठी कांदा-लसूण चटणीचा डबा आणि दुसरी म्हणजे काय काय बघून यायचे याची यादी. मी जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे माझ्याकडे यादी मागायला येणारे विद्यार्थी बरेच असत.

१९९० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. बारावी झालेला एक मुलगा नोकरीच्या शोधात मुंबईला निघाला होता. मी त्याला वहीच्या पानावर नेहमीची यादी लिहून दिली. बोरीबंदर स्टेशन, गेटवे, म्युझियम, जहांगीर आर्ट गॅलरी, गवालिया टँक, चौपाटी, राणीचा नेकलेस. प्रत्येक जागेपुढे कंसात साल आणि बांधणाऱ्याचे नाव. मुलगा पाया पडून गेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी दिवाळीत तो घरी आला. फराळ झाला आणि मग जरा वेळ गप्प बसून म्हणाला, "सर, तुमची यादी मी अजून जपून ठेवलीय. त्यातल्या सगळ्या जागा बघितल्या. पण मी त्या वेगळ्या कारणासाठी बघितल्या, हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही." मग त्याने सांगितले की तो समलिंगी आहे, आपल्या जोडीदाराबरोबर उपनगरात राहतो आणि शाळेत असल्यापासून त्याला स्वतःबद्दल हे ठाऊक होते. शेवटी म्हणाला, "तुम्ही गेटवे कुणी बांधला ते सांगितलंत सर. पण तिथल्या कठड्याशी आमच्यासारखी माणसं एकमेकांना शोधत येऊन उभी राहायची, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं."

खरे सांगतो, मला पटकन काही बोलता आले नाही. इतकी वर्षे मी ज्याला मुंबईचा इतिहास म्हणत होतो, त्यातून एक अख्खा मजकूर गळलेला होता आणि तो गळलाय याचीही मला खबर नव्हती. मी त्याला म्हणालो, "मग आता तू मला यादी दे. आपल्या कोल्हापुरातून तुझ्यासारखी एखादी पोरगी किंवा पोरगा मुंबईला निघाला, तर त्याने काय बघायला हवे?" आजच्या भाषणात मी सांगणार आहे ती यादी त्याची. तिच्यामागची साले आणि इतिहास मी धुंडाळला आहे.

आता कुणी विचारेल, समुद्र सगळ्यांना सारखाच दिसतो, मग या मंडळींना वेगळी यादी कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे. अमेरिकेत वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी १९३६ पासून 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका निघत असे. कोणत्या गावात जेवायला मिळेल, कुठे रात्रीपुरती खोली मिळेल, कुठे अपमान होणार नाही, एवढीच तिच्यात माहिती. समलिंगी लोकांच्या याद्या अशाच गरजेतून जन्मल्या. सॅन फ्रान्सिस्कोतील बॉब डॅमरन या बारमालकाने १९६० च्या दशकात खिशात मावेल अशी पत्त्यांची वही छापली. १९७० मध्ये 'स्पार्टाकस' नावाची मार्गदर्शिका निघाली आणि ती जगभरच्या शहरांची माहिती देऊ लागली. आज अशा याद्या म्हणजे मौजमजेचा मामला वाटतो. पण त्यांचे मूळ मौजेत नव्हते. 'इथे तुला कुणी मारणार नाही' हे सांगण्यासाठी त्या निघाल्या.

या याद्यांत समुद्रकाठची शहरे एवढी का दिसतात, यालाही कारण आहे. बंदराच्या गावात माणसे सतत येत-जात असतात. तू कुणाचा, कुठल्या गल्लीतला, हे तिथे कुणी विचारत बसत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी आरमाराने समलिंगी म्हणून ज्यांना काढून टाकले, त्यांतले अनेक जण घरी तोंड कसे दाखवायचे म्हणून सॅन फ्रान्सिस्कोसारख्या बंदरातच राहिले. त्याच शहरात १९७७ मध्ये हार्वे मिल्क नगरप्रतिनिधी म्हणून उघडपणे निवडून आला. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. सप्तरंगी झेंडाही तिथलाच, १९७८ चा. इंग्लंडात ब्रायटन, ऑस्ट्रेलियात सिडनी, ही अशीच समुद्रकाठची गावे. आपल्याकडे तो मान मुंबईचा. चला तर, महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसू या.

यादीतली पहिली गोष्ट म्हणजे मुंबईत उतरण्याचा तो क्षण. रात्री कोल्हापुरात बसलो की सकाळी मुंबई. १८८७-८८ च्या सुमारास पूर्ण झालेले, फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेले ते स्टेशन आता जागतिक वारसा आहे. आपण घुमट बघतो, दगडातली कोरीव जनावरे बघतो. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, मी घुमट नाही बघितला. मी गर्दी बघितली. आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटलं, की माझ्याकडं कुणीच बघत नाही." गावात प्रत्येक वळणावर ओळखीचा माणूस असतो. "काय रे, कुठं निघालास? लग्नाचं काय?" ही आपुलकी खरीच आहे. पण ज्याच्याकडे या प्रश्नाला सांगण्याजोगे उत्तर नसते, त्याला तीच आपुलकी काचू लागते. अशा माणसाला गर्दीतले अनोळखीपण हवेसे वाटते.

दुसरी जागा गेटवे ऑफ इंडिया. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरला त्याची ही आठवण. कमान प्रत्यक्षात खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. बादशहा समुद्रातून आला तसा एक कायदाही समुद्रातूनच आला होता. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ मध्ये, पुरुषांमधल्या अशा संबंधांना देहान्ताची शिक्षा ठरली. त्या परंपरेतले कलम मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये भारतासाठी आखलेल्या मसुद्यात आले. दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तेच कलम ३७७. शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत. मराठी, कानडी, बंगाली, कुणाच्याही भाषेत न बोलणाऱ्या माणसांनी लिहिलेले हे कलम पुढे 'आपली संस्कृती' म्हणून आपल्यालाच सांगितले गेले.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीत बसून गेली. पलटण गेली, पण कलम इथेच राहिले. ज्यांनी ते आणले त्या इंग्लंडने १९६७ मध्ये आपला कायदा सैल केला. आपण मात्र ते २०१८ पर्यंत जपून ठेवले. तर गेटवेपाशी उभे राहून एवढे आठवावे. शेजारच्या कठड्याकडेही एकदा बघावे. कित्येक वर्षे संध्याकाळी तिथे माणसे उभी राहत. कुणी बोलायला मिळावे म्हणून, कुणी नुसते आपल्यासारखे आणखी कुणी आहे हे बघायला. पोलिसाची चाहूल लागली की पांगायची. कुलाब्यातच 'व्हूडू' नावाची एक जागा होती. तिथे शनिवारी रात्री ही मंडळी नाचायला जमत. ती आता बंद झाली आहे. जुनी माणसे तिच्याविषयी आपण जुन्या टॉकीजविषयी बोलतो तशा हळव्या सुरात बोलतात.

तिथून काळा घोडा चालत अंतरावर. जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरच राष्ट्रीय आधुनिक कला दालन. आपले कोल्हापूर म्हणजे कलापूर, आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटरांचे गाव. तेव्हा चित्रकाराची गोष्ट आपल्याला कळायला हवी. भूपेन खख्खर यांचा जन्म मुंबईचा, १९३४ चा. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. पुढे बडोद्याला गेले, दिवसा हिशेब आणि उरलेल्या वेळात चित्रे, असे बरीच वर्षे चालले. न्हावी, शिंपी, घड्याळजी अशी साधी माणसे ते रंगवत. पन्नाशीकडे झुकल्यावर, १९८१ मध्ये, त्यांनी एक चित्र काढले. सज्जात एक उघडा माणूस उभा आहे आणि खाली रस्त्यावर बाप, मुलगा आणि गाढव यांची आपल्या सर्वांच्या परिचयाची गोष्ट घडते आहे. लोकांचे ऐकता ऐकता शेवटी गाढवच गमावणाऱ्या बापलेकांची ती गोष्ट. चित्राचे नावच 'सगळ्यांना खूश करता येत नाही' अशा अर्थाचे. लोक काय म्हणतील या धाकातून बाहेर पडणाऱ्या माणसाचे ते चित्र आहे. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. १९८४ मध्ये खख्खरांना पद्मश्री मिळाली, २००३ मध्ये ते गेले. त्यांची चित्रे मुंबईत रोज टांगलेली असतीलच असे नाही, पण या भागात फिरताना त्यांची गोष्ट ठाऊक असावी.

आता एक बस किंवा लोकल पकडून मरीन लाइन्स. लिबर्टी टॉकीज, १९४९ चे. आतले लाकूडकाम बघत राहावे असे. चित्रपट दिग्दर्शक श्रीधर रंगायन यांनी २०१० मध्ये 'कशिश' हा समलिंगी आणि तृतीयपंथी जीवनावरच्या चित्रपटांचा महोत्सव सुरू केला आणि पुढे अनेक वर्षे तो लिबर्टीत भरला. बंद दाराआड नव्हे, भर रस्त्यावरच्या टॉकीजमध्ये, तिकीटबारी, मध्यंतर, चहा-समोसे सगळे रीतसर. या रांगेत उभे राहणे किती मोठी गोष्ट आहे हे कळायला आणखी बारा वर्षे मागे जावे लागेल. लिबर्टीपासून चालत वीसेक मिनिटांवर, बोरीबंदराजवळ, आता बंद पडलेले न्यू एम्पायर टॉकीज आहे. डिसेंबर १९९८ मध्ये तिथे आणि गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये दीपा मेहतांच्या 'फायर'चे खेळ तोडफोड करून बंद पाडले गेले. दोन जावांमधल्या प्रेमाची ती कथा होती. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये एकही कात्री न लागता परत पडद्यावर आला.

मराठी रसिकांना एक आठवण करून द्यायला हवी. 'फायर'च्या सतरा वर्षे आधी, १९८१ मध्ये, विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आले होते. दिग्दर्शक विनय आपटे, मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. कॉलेजातल्या एका मुलीचे दुसऱ्या मुलीवर प्रेम बसते आणि त्याचा शेवट शोकान्त होतो. म्हणजे हा विषय आपल्याकडे परक्या वाहिन्यांनी आणला, असे म्हणण्यात अर्थ नाही. केबलची तारही आलेली नव्हती तेव्हा मराठी नाटककाराने तो मांडला होता.

मुलींचा विषय निघालाच आहे तर थोडे अधिक सांगतो. यादी करताना आपण बहुधा पुरुषांच्याच जागा मोजतो. कारण कठड्यावर रात्री उभे राहणे पुरुषालाच जमते. मुलीला सातच्या आत घरात. कायद्याचा बडगा पुरुषांवर अधिक, तर मुलींवर घराचा. स्थळे बघणे, मोबाइल काढून घेणे, घाईने लग्न उरकणे. म्हणून मुंबईत १९९५ मध्ये 'स्त्री संगम' हा गट उभा राहिला, तो महत्त्वाचा. बाईवर प्रेम करणाऱ्या बायका आधी कुणाच्या तरी घरी जमल्या, चहा प्याल्या, एकमेकींची नावे त्यांना कळली. त्यांच्या यादीतली जागा म्हणूनच साधी आहे, मरीन ड्राइव्हचा कट्टा. तिथे दोघी-दोघी समुद्राकडे तोंड आणि शहराकडे पाठ करून बसतात. बघणाऱ्याला मैत्रिणी वाटतात. असतीलही, किंवा त्याहून अधिक असतील. कट्टा काही विचारत नाही.

गंमत म्हणजे आपल्या लॉजवाल्यांचेही तसेच आहे. मुलगा आणि मुलगी मिळून खोली मागायला गेले, तर लग्नाचा दाखला विचारणारे अनेक. दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी गेल्या, की किल्ली समोर. आपल्या समाजाला दोस्ती कळते, ही त्यातली चांगली बाजू. पण किल्ली मिळते ती खरे न सांगितल्यामुळे, ही दुसरी बाजूही विसरू नये.

यादीतली पुढची जागा पर्यटकांच्या नकाशात नाही. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेची एक जुनी इमारत आहे. अशोक राव कवी हे पत्रकार १९८६ मध्ये एका इंग्रजी मासिकातल्या मुलाखतीत स्वतःच्या नावानिशी, उघडपणे समलिंगी असल्याचे बोलले. तेव्हा ते ऐकणेही लोकांना झेपणारे नव्हते. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले. पुढे मधली काही वर्षे ते बंद पडले, २००९ मध्ये पुन्हा निघाले. अंक हातोहाती लहान गावांपर्यंत पोचायचे आणि तिकडून पत्रे यायची. १९९४ मध्ये कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हमसफर ट्रस्ट' स्थापन केला आणि महापालिकेने त्यांना या इमारतीत जागा दिली. एड्सची साथ पसरत होती. लपून राहणाऱ्या माणसांपर्यंत पोचायचे तर त्यांच्यातल्याच कुणाला तरी बरोबर घ्यावे लागणार, हे आरोग्य खात्याला कळले होते. कारण काही का असेना, ज्या लोकांना कायदा गुन्हेगार म्हणत होता त्यांना शहराच्या पालिकेने आपल्या छपराखाली बसायला खुर्ची दिली. माझा विद्यार्थी म्हणतो, "सर, मुंबईत मी पहिल्यांदा मोकळेपणानं हसलो ते तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर."

आणि शेवटी, ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी. हा माझ्या यादीतला सर्वांत लाडका रस्ता. गवालिया टँकशेजारच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत १८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी याच मैदानातून 'छोडो भारत'ची हाक गेली. चौपाटीवर १९२० मध्ये लोकमान्यांना अखेरचा निरोप दिला गेला. हे सारे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले आहे. पण या मैदानातून चौपाटीपर्यंत १६ ऑगस्ट २००८ रोजी आणखी एक मोर्चा निघाला, हे मी कधी सांगितले नव्हते. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशीचा तो मुहूर्त मुद्दाम निवडलेला होता. देश स्वतंत्र झाला, आम्ही कधी होणार, असे विचारणारा. झेंडे, ढोल, आणि काहींच्या तोंडावर मुखवटे. मुखवटे हौसेचे नव्हते. घरी किंवा ऑफिसात कुणी ओळखले तर काय, या भीतीचे होते. पुढे हा मोर्चा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास निघू लागला.

त्यानंतरचा प्रवास घाटातल्या रस्त्यासारखा झाला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ ची धार काढली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत आणली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींचे राजीखुशीचे संबंध गुन्हा नाहीत, असा एकमुखी निकाल दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात ते कलमच उरले नाही. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिलेली नाही. म्हणजे आज ही माणसे गुन्हेगार नाहीत, पण दवाखान्यात जोडीदाराच्या फॉर्मवर सही करताना ते अजूनही कुणी लागत नाहीत.

यादीच्या तळाशी माझ्या विद्यार्थ्याने दोन सूचना लिहिल्या आहेत, त्याही सांगतो. मोबाइलवरून ओळख झालेल्या माणसाला पहिल्यांदा भेटायचे ते चारचौघांच्या जागी. गोड बोलून खोलीवर नेणे, फोटो काढणे आणि घरी सांगू म्हणून पैसे उकळणे, असे प्रकार घडतात. दुसरे, असे काही झाले तर पैसे देत बसू नये, तक्रार करावी. कारण २०१८ नंतर गुन्हेगार तो लुबाडणारा आहे, लुबाडला गेलेला नव्हे.

श्रोतेहो, एवढी यादी ऐकल्यावर कुणी म्हणेल, हे सगळे मुंबईचे, आपल्या कोल्हापूरचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या जिल्ह्यातली माणसे पिढ्यान्पिढ्या सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात. लुगडे नेसून चौंडके वाजवत देवीची गाणी म्हणणारा जोगत्या आपण लहानपणापासून पाहिला आहे. राजन गवसांनी 'भंडारभोग'मध्ये त्याचे दुःख मांडले आणि पुढे 'जोगवा' चित्रपटाने ते घराघरात पोचवले. जोगत्या होणे आणि समलिंगी असणे या एक गोष्टी नव्हेत. तसेच संगीत नाटकात स्त्रीभूमिका करणे ही आणखी तिसरी गोष्ट. त्यांची सरमिसळ करू नये. पण पुरुष कसा असावा आणि बाई कशी असावी, याच्या एकाच साच्यात सगळी माणसे बसत नाहीत, हे या मातीला नवे नाही. आपण त्यांच्या हातून भंडारा घेतला. त्यांना शेजारी बसवून घेतले का, हा प्रश्न मात्र उरतो.

शेजारी बसण्यावरून आपल्या शाहू महाराजांची गोष्ट आठवते. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून गंगाराम कांबळेला मार बसला. महाराजांनी त्याला भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढायला मदत केली. पण हॉटेल निघाले तरी गिऱ्हाईक येईना. तेव्हा स्वतः छत्रपती त्या हॉटेलापाशी गाडी थांबवून चहा मागवू लागले, बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. अस्पृश्यतेचे दुःख आणि आजचे हे दुःख सारखे आहे, असे माझे म्हणणे नाही. जातीची उतरंड हा वेगळा, हजारो वर्षांचा अन्याय आहे. मला त्या गोष्टीतून एवढेच घ्यायचे आहे, की कायदा माणसाला हॉटेल काढून देतो, पण तिथे चहा प्यायला कुणीतरी आधी जाऊन बसावे लागते.

मुंबईची ही दुसरी यादी नीट पाहिली तर प्रत्येक जागेमागे असा आधी जाऊन बसलेला कुणीतरी दिसतो. मुलाखत देणारा पत्रकार, चित्र काढणारा हिशेबनीस, कुणाच्या तरी घरी जमलेल्या चार बायका, इमारतीत खुर्ची देणारी पालिका, मुखवटा घालून का होईना पण मैदानात आलेली पोरे. समुद्र तर सगळ्याच बंदरांना असतो. या माणसांमुळे ती मुंबई झाली.

२०१८ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले आहे, की झालेल्या विलंबाबद्दल इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. मी ते वाचले आणि थांबलो. इतिहासाला स्वतःचे तोंड नसते. तो शिकवणाऱ्याच्या तोंडून बोलतो. तेव्हा माफीची सुरुवात कुठून व्हायची, हे मला कळले.

गेल्या दिवाळीत तो मुलगा पुन्हा आला, या वेळी एकटा नव्हता. आमच्या हिने दोघांना ओवाळले आणि जेवायला तांबडा-पांढरा केला. संध्याकाळी आम्ही चौघे रंकाळ्यावर गेलो. ओळखीचे एक गृहस्थ भेटले आणि सवयीने विचारले, "हे कोण?" मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "हा माझा विद्यार्थी आणि हा त्याचा जोडीदार." गृहस्थ क्षणभर थांबले, मग म्हणाले, "बरं बरं. चहा घेणार काय?" आणि आम्ही पाचही जण कट्ट्यावर बसून चहा प्यालो.

मुंबईला जाणाऱ्यांना आता मी दोन्ही याद्या देतो. कोल्हापूर बघायला येणाऱ्यांसाठीही अशी एक यादी करायला घेतली आहे. अजून तिच्यात रंकाळ्याचा तेवढा एक कट्टा आहे. पुढच्या जागा तुम्ही सांगा.